एका पिंगळ्याचा खरा पत्ता

‘हरवलं आणि सापडलं’ हे सूत्र संपादकांनी यंदाच्या अंकासाठी दिलं. पक्ष्यांच्या जगात आणि महाराष्ट्राच्या मुलखात ते लावायचं, तर रानपिंगळ्याला वगळून पुढे जाताच येत नाही. वीतभर उंचीचं हे घुबड १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला खात्रीने दिसलं नाही. ते नामशेष झालं असावं, असं अनेक जाणकारांनी धरून ठेवलं होतं. मग १९९७ च्या नोव्हेंबरात ते शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेलं सापडलं. पक्षीनिरीक्षकांना ही गोष्ट तोंडपाठ आहे, आणि चिकाटी नि नशीब यांची गोष्ट म्हणूनच ती बहुधा सांगितली जाते. मला ती नोंदीची गोष्ट वाटते. रानपिंगळा इतकी वर्षं हाती लागला नाही, त्यात एका खोट्या नोंदीचा वाटा होता. आणि तो सापडला तो ती नोंद खोडून, जुन्या खऱ्या नोंदींवर भरवसा ठेवल्यामुळे. आज गळ्यात कॅमेरा अडकवून खेडोपाडी दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे फिरणारे वाढत आहेत. ही आनंदाची बाब आहे. पण या गोष्टीतला नोंदीचा भाग नेमका त्यांच्याकडूनच मागे पडत चालला आहे, आणि त्याची किंमत पक्ष्यांना मोजावी लागेल अशी मला काळजी वाटते.

सातपुड्याच्या पायथ्याला

शहाद्याहून तोरणमाळच्या दिशेने निघालं की ऊस, केळी, पपई यांचा सपाट बागायती मुलूख हळूहळू मागे पडतो. जमीन खडकाळ होत जाते, सागाचं रान सुरू होतं आणि रस्ता घाटाला लागतो. भिल्ल आणि पावरा लोकांची ही वस्ती. घरं एका जागी दाटीने नसतात. ज्याचं घर त्याच्या शेतात, आणि दोन घरांच्या मधे उतार, नाला, थोडं रान. नोव्हेंबरात मका नि ज्वारी निघालेली असते, शेतात खुंट उरलेले असतात, बांधावर मोहाची नि सागाची जुनी झाडं उभी असतात. रान आणि शेत यांची हद्द इथे कुठे स्पष्ट आखलेली नाही. रानपिंगळ्याला असंच विरळ, कोरडं, पानगळीचं जंगल मानवतं. साग, सालई, धावडा, ऐन अशी झाडं, मधूनमधून मोकळी जागा, आणि काही झाडं तरी इतकी म्हातारी की त्यांच्या खोडात ढोली तयार झालेली. ढोली हवी घरट्यासाठी, मोकळी जागा हवी शिकारीसाठी. त्याच्या खाण्यात सरडे नि सापसुरळ्या सर्वांत जास्त. जोडीला उंदीर, किडे, कधी एखादा लहान पक्षी. फांदीवर बसून खाली नजर ठेवायची आणि सावज हललं की झेप घ्यायची, ही त्याची रीत. गच्च झाडोऱ्यात ती चालत नाही.

घुबड म्हटलं की आपल्या मनात रात्र येते, पण हा पिंगळा बराचसा दिवसाचा आहे. थंडीच्या दिवसांत सूर्य वर आल्यावर तो उन्हाला बसतो, आणि ऊन आधी पोचतं ते झाडांच्या शेंड्यांवर. म्हणून जाणकार माणूस काळोखात बॅटरी घेऊन हिंडत नाही. सकाळी उतारावर उभं राहून तो निष्पर्ण शेंडे एकेक करून दुर्बिणीने चाळतो. त्याआधी तो कान देतो. बुलबुल, शिंजीर, कोतवाल असे पाच-सहा जातींचे पक्षी एकाच फांदीभोवती कलकलाट करत असतील, तर तिथे साप तरी असतो, शिकरा तरी किंवा पिंगळा. शत्रू दिसला की लहान पक्षी गोळा होऊन त्याला हैराण करतात, आणि शोधणाऱ्याला हा गलका शंभर पावलांवरून दिशा दाखवतो.

तरीही खरी अडचण पुढेच आहे. याच टापूत, कधी त्याच ओढ्याकाठी, साधा ठिपकेवाला पिंगळाही असतो. गावातल्या चिंचेवर, जुन्या भिंतीच्या भोकात, देवळाच्या शिखरात आपण लहानपणापासून पाहतो तोच. पन्नास पावलांवरून दोघे जवळपास सारखे दिसतात. फरक पाहायचा तो डोक्यावर. साध्या पिंगळ्याच्या टाळूवर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पखरण असते, तर रानपिंगळ्याची टाळू जवळजवळ कोरी, राखट तपकिरी. त्याच्या छातीचा तपकिरी रंग सलग दाट असतो, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पाय पांढऱ्या पिसांनी जाड भरलेले. शेपटीवर रुंद गडद नि पांढरे पट्टे असतात आणि ती तो बसल्या जागी डावीउजवीकडे झटकत राहतो. एवढं दिसायला पक्षी समोरून, उजेडात आणि दोन क्षण स्थिर मिळावा लागतो. तो तसा मिळाला नाही, तर प्रामाणिक माणूस वहीत ‘पिंगळा, कोणता ते कळलं नाही’ असं लिहितो. या लेखात मला जे म्हणायचं आहे, त्याची सुरुवात या वाक्यापासून होते.

सात नमुने

रानपिंगळ्याचं शास्त्रीय वर्णन प्रथम १८७३ मध्ये अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव जोडलं गेलं तेच हे ह्यूम. आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागातून एफ. आर. ब्ल्युइट यांनी त्यांच्याकडे एक नमुना पाठवला होता, म्हणून पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ब्ल्युइट यांचं नाव आलं. भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांनी आजच्या ओडिशातल्या खरियारजवळ एक मिळवला. बाकीचे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात, शहादा-तळोद्याच्या टापूत मिळवले. त्यांतला शेवटचा १८८४ चा. जगातल्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे एकूण सातच नमुने होते आणि त्यापलीकडे त्याच्याबद्दल कुणालाही फारसं काही ठाऊक नव्हतं.

असा नमुना म्हणजे काय, ते जवळून समजून घेण्यासारखं आहे. मारलेल्या पक्ष्याची कातडी पिसांसकट सोलतात, आत कापूस भरतात, पोटावर टाके घालतात, पाय एकमेकांवर ठेवून बांधतात आणि पायाला कागदाची चिठ्ठी अडकवतात. चिठ्ठीवर जागा, तारीख, नर की मादी, मिळवणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसेल तर तो नमुना शास्त्राच्या लेखी निव्वळ भरलेलं कातडं ठरतो. डेव्हिडसन यांनी बंदूक वापरली, आणि आज ती पद्धत आपल्याला पटत नाही, पटूही नये. परदेशी अधिकाऱ्यांनी इथले पक्षी मारून सातासमुद्रापलीकडे नेले, त्या कारभाराचं कौतुक कशाला, असाही आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. पण बंदूक आणि चिठ्ठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदूक आपण टाकून दिली. चिठ्ठीतली शिस्त, म्हणजे काय पाहिलं, कुठे, केव्हा, कुणी, ती मात्र टाकून चालणार नाही. कारण पुढे जे घडलं ते सगळं त्या चिठ्ठ्यांवरच घडलं.

मांडवीचा कागद

सातांपैकी एका नमुन्याची चिठ्ठी वेगळंच सांगत होती. तो कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातला होता, आणि त्यावर १९१४ साल नि गुजरातेतली तापीकाठची मांडवी अशी नोंद होती. माइनर्ट्झहागेन हे ब्रिटिश लष्करातले गाजलेले अधिकारी, पक्षीशास्त्रातलं वजनदार नाव. १९५४ मध्ये त्यांनी आपला हजारो नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. इतक्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर अविश्वास दाखवण्याचं कारण कुणाला दिसलं नाही. त्यामुळे पुस्तकांत रानपिंगळ्याची शेवटची खात्रीची नोंद १९१४ ची आणि मांडवीची अशी छापली जाऊ लागली. पुढे डिलन रिप्ले आणि सालिम अली यांच्या तोलाच्या अभ्यासकांनी या पक्ष्याचा शोध घेतला. हाती काही लागलं नाही. शेवटची जागा म्हणून नकाशावर जे ठिकाण दिसत होतं, त्याचा पुरावाच बनावट होता.

हा कागद उलगडला तो १९९० च्या दशकात. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मार्गदर्शक ग्रंथासाठी संग्रहालयांतले नमुने पुन्हा तपासत होत्या. माइनर्ट्झहागेन यांच्या इतर काही नमुन्यांवर १९९३ मध्ये अ‍ॅलन नॉक्स यांनी आधीच शंका घेतली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीचा पिंगळा क्ष-किरणांखाली आणि भिंगाखाली धरला. प्रत्येक नमुना करणाऱ्याचा हात वेगळा असतो: कातडी कशी साफ केली, पंखांची हाडं कशी हाताळली, भरण कसं घातलं. या नमुन्याचं भरण बदललेलं होतं, पण मुळातल्या हाताच्या खुणा राहून गेल्या होत्या, आणि तो हात डेव्हिडसन यांचा होता. म्हणजे संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसन यांचाच पिंगळा नव्याने भरून त्यावर नवी जागा नि नवी तारीख चिकटवण्यात आली होती. १९१४ ची नोंद पुसली गेली. उरल्या फुलझर, खरियार आणि शहादा-तळोदा या तीनच खऱ्या जागा.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी मग त्या जागा गाठायचं ठरवलं. आधी पूर्वेकडे गेले. तिथे पिंगळा मिळाला नाही. नंतर शहाद्याकडे आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी किंग यांना तो दिसला. त्याचं चित्रीकरण झालं, ठिपके नसलेली टाळू दिसली, पांढरे पाय दिसले. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता. शहादा धुळे जिल्ह्यात होतं. डेव्हिडसन यांनी चिठ्ठीवर टापूचं नाव लिहिलं नसतं, किंवा नुसतं ‘मुंबई इलाखा’ असं लिहिलं असतं, तर शंभराहून अधिक वर्षांनंतर कुणी नेमकं तिथे का गेलं असतं?

योगायोगाची नोंद

आता यावर एक आक्षेप आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. गेल्या दशकात गुजरातेतल्या डांगच्या जंगलांतही रानपिंगळा आढळला. मांडवीपासून डांग काही फार लांब नाही. मग माइनर्ट्झहागेन यांची चिठ्ठी खोटी असली तरी तिने दाखवलेली दिशा फारशी चुकीची नव्हती, तिच्यामुळे एवढं नुकसान काय झालं, असं कुणी म्हणेल. शिवाय सातपुड्याच्या या भागात त्या काळी अभ्यासक फारसे जातच नव्हते, त्यामुळे खोटी चिठ्ठी नसती तरी पिंगळा सापडलाच असता असं नाही, असंही म्हणता येईल. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. सगळा दोष एका कागदावर टाकणं अन्यायाचं होईल, हे मी मान्य करतो.

पण नोंदीचं मोल तिच्या निष्कर्षात नसतं, ती कशावर उभी आहे यात असतं. मांडवीच्या चिठ्ठीने जागा तर खोटी सांगितलीच, पण काळही खोटा सांगितला. १८८४ ऐवजी १९१४ असं वाचणाऱ्याला पक्षी आणखी तीस वर्षं टिकून होता असं वाटलं. त्याच्या घटीचा अंदाज, कुठल्या जंगलात तो राहतो याचा अंदाज, सगळंच त्या आधारावर बांधलं गेलं. सातच नमुने असलेल्या पक्ष्याच्या बाबतीत एक नमुना खोटा निघणं म्हणजे आपल्या माहितीचा सातवा भाग खोटा निघणं. उद्या मांडवीत खरोखर रानपिंगळा दिसला, तरी ती नोंद उद्याचीच राहील. १९१४ ची होणार नाही. डांगमधला पिंगळा आज आपल्याला मान्य आहे तो त्याची छायाचित्रं, जागा आणि निरीक्षणं तपासता येतात म्हणून. शास्त्रात योगायोगाने बरोबर आलेल्या उत्तराला गुण नसतात, आणि संवर्धनात तर त्याचा उपद्रवच होतो, कारण वनखात्याचा पैसा नि माणसं कुठे पाठवायची हे नोंदींवर ठरतं.

डोळा नोंदीच्या मागून चालतो

१९९७ नंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी या पक्ष्याचा पद्धतशीर शोध घेतला. तोरणमाळ, तळोदा, मेळघाट आणि मध्य प्रदेशातलं खकनार इथून नोंदी मिळाल्या. पुढे यावल अभयारण्यातही अभ्यास झाले. सातपुड्याच्या कोरड्या सागवनातला पक्षी, अशी त्याची ओळख पक्की झाली. आणि मग २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात दिसला. पश्चिम घाटाचा उत्तर भाग, जास्त पावसाचं रान, मुंबईहून सकाळी निघून दुपारी परतता येईल एवढ्या अंतरावर. तानसाच्या जंगलात त्याआधी कितीतरी वर्षं पक्षीनिरीक्षक हिंडत होते. त्यांतल्या कुणाच्याच दुर्बिणीत रानपिंगळा कधी आला नसेल, हे मला तरी पटत नाही. शक्यता ही वाटते की तो आला, आणि पाहणारा ‘ठिपकेवाला पिंगळा, एक’ असं लिहून पुढे सरकला. पुस्तकात तानसाचं नाव नव्हतं, म्हणून टाळूवरचे ठिपके मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही.

यावरून काही जण उलटा निष्कर्ष काढतात. नोंदींवर विसंबल्यानेच तर तानसा इतकी वर्षं सुटलं. तेव्हा पुस्तकं बाजूला ठेवा, मोकळ्या डोळ्यांनी पाहा, असं ते सांगतात. ऐकायला हे छान आहे. पण मोकळा डोळा नावाची गोष्ट रानात फार कमी चालते. पन्नास पावलांवरचा तपकिरी ठिपका ओळखायला डोळ्याला आधी काय शोधायचं ते ठाऊक असावं लागतं. तानसाची नोंद झाली ती रानपिंगळ्याच्या खुणा ठाऊक असलेल्या नजरेने, आणि त्या खुणा ठाऊक झाल्या त्या सातपुड्यातल्या नोंदींतून. चूक नोंद वाचण्यात नव्हती, अर्धी वाचण्यात होती. नोंद सांगते की पक्षी इथे आहे. दुसरीकडे नाही असं ती म्हणत नाही. दुसरीकडे नाही हे म्हणायला तिथे जाऊन, नीट पाहून, ‘दिसला नाही’ असं लिहावं लागतं. ही न दिसल्याची नोंद आपल्याकडे सर्वांत कमी होते. दिवसभराची यादी पूर्ण भरणं, म्हणजे साळुंकी, होला, वेडा राघू, दयाळ असे रोजचे पक्षीही लिहिणं, कंटाळवाणं वाटतं. पण पूर्ण यादीत एखादा पक्षी नसणं हाही पुरावा होतो. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा घेता आला तो सुमारे ३० हजार हौशी निरीक्षकांनी ईबर्ड या ऑनलाइन नोंदवहीत भरलेल्या तीन कोटी नोंदींमुळे. त्यांतल्या बहुतेक नोंदी साध्यासुध्या पक्ष्यांच्या होत्या.

कॉल, पिन आणि फोटो

आजच्या हौशी पक्षीनिरीक्षणाची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. आयुष्यात प्रथमच पाहायला मिळालेल्या पक्ष्याला मंडळी ‘लाइफर’ म्हणतात. एखाद्या टापूतला लाइफर मिळवायचा, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर विचारायचं, कुणीतरी जागेची पिन पाठवतं, गावातला गाइड ठरतो, पहाटे गाडी तिथे पोचते. पक्षी समोर नसेल तर मोबाइलवर त्याच जातीचा कॉल, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाज, लावतात. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं वाटून पिंगळा हमखास उघड्या फांदीवर येतो, फोटो होतो, गाडी परत फिरते. एका सकाळी एका गाडीने हे केलं तर फार बिघडत नाही, असं म्हणता येईल. पण पिन एकच असते आणि गाड्या अनेक. रानपिंगळ्याची वीण ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालते, आणि बाहेरगावच्या पक्षीनिरीक्षकांचा हंगाम नेमका तोच. घरट्याच्या काळात नराला दिवसातून चारदा खोट्या शत्रूशी भांडायला लावणं म्हणजे त्याच्या शिकारीचा वेळ खाणं. संशोधकही कॉल वापरतात, हे खरं. पण ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेपुरता, आणि तसं लिहून ठेवून.

माझा मुद्दा मात्र कॉलने होणाऱ्या त्रासाइतकाच त्यातून येणाऱ्या माहितीचाही आहे. कॉल लावून बोलावलेला पक्षी ज्या झाडावर येऊन बसतो, ते झाड त्याने निवडलेलं नसतं. तो फोटो ‘साग, रस्त्यालगत’ अशा वर्णनाने पुढे जातो, आणि रानपिंगळ्याला रस्त्याकाठचे साग आवडतात असं पुढच्या माणसाला वाटू लागतं. आमिष टाकून काढलेल्या फोटोंचंही तेच. हेतू फसवण्याचा नसतो, आणि त्या कर्नलशी कुणाची तुलना करण्याचं मला कारण नाही. पण परिणामापुरतं बोलायचं तर कागदावरची जागा आणि पक्ष्याची खरी जागा यांत पुन्हा अंतर पडतं.

‘मग काय, सुट्टीच्या दिवशी रानात जाऊन आम्ही हिशेब लिहीत बसायचं का? आम्ही आनंदासाठी जातो,’ हा आक्षेप मला मनापासून समजतो. आनंद हेच पक्षीनिरीक्षणाचं मूळ आहे आणि ते तसंच राहावं. इतकंच सांगावंसं वाटतं की रानपिंगळा पाहण्याचा आनंद ज्यांना आज मिळतो, तो कुणीतरी लिहून ठेवल्यामुळेच मिळतो.

याहून गंभीर आक्षेप गुप्ततेचा. नेमकी जागा लिहिली की गर्दी येते आणि तिच्यामागून चोरटेही येतात. दिवाळीच्या दिवसांत तर ही भीती मुळीच काल्पनिक नाही. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडांचा चोरटा व्यापार वाढतो, असा इशारा ‘ट्रॅफिक’ ही वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणारी संस्था वारंवार देत आली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेला हा पक्षी जगात धोक्यात आलेल्यांपैकी आहे. २०१८ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’वरून त्याचा दर्जा ‘संकटग्रस्त’ असा झाला, तो काही निर्धास्त होण्यासारखा नाही. तेव्हा जागा लपवावी का? जाहीर करू नये, हे मला पूर्ण मान्य. पण लिहिणं आणि जाहीर करणं यांत फरक आहे. नोंद नेमकी करावी, ती वनखात्याच्या नि अभ्यासकांच्या हाती द्यावी, आणि बाहेर सांगताना तालुक्याचं नाव पुरावं. डेव्हिडसन यांच्या चिठ्ठीवर तरी याहून जास्त काय होतं? आज उलट घडताना दिसतं: पिन गटागटांतून फिरते आणि नोंद मात्र कुठेच होत नाही. फोटोवर पाणचिन्ह असतं, तारीख नसते.

ज्यांच्या शिवारात

‘शोध’, ‘पुनर्शोध’ हे शब्द ऐकून पाड्यावरच्या माणसाला काय वाटत असेल, याचाही विचार झाला पाहिजे. पिंगळा तिथेच होता, माणसंही तिथेच होती. आंध्रातल्या कडप्पा भागात जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर थेट १९८६ मध्ये सापडला, तेव्हा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांना तो मिळवून दिला स्थानिक फासेकऱ्याने. तिथल्या लोकांत त्या पक्ष्याला नाव होतं, तो रात्री हिंडतो हे ठाऊक होतं. शास्त्राला तो अनोळखी होता, झुडुपांच्या त्या मुलखाला नव्हता. मराठी वाचकाला मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे हे नव्याने सांगायला नको. २०२५ च्या जूनमध्ये आपल्यातून गेलेल्या या वनाधिकाऱ्याने नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या माणसांकडून आपण पक्षी नि जंगल कसे शिकलो, ते न संकोचता लिहून ठेवलं. त्यांच्या ५ नोव्हेंबर या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या १२ नोव्हेंबर या जन्मदिवसापर्यंत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. म्हणजे पिंगळे उन्हाला बसू लागतात तोच काळ.

स्थानिकांना सगळं ठाऊकच असतं, असं म्हणणंही भाबडेपणाचं होईल. शेतात राबणाऱ्या माणसाने दोन पिंगळ्यांच्या टाळूंतला फरक पाहून ठेवावा, अशी अपेक्षा का करायची? घुबडाच्या ओरडण्याची भीती, त्याच्या अवयवांभोवतीच्या समजुती या भागातही आहेत. पण कोणत्या झाडात ढोली आहे, कोणत्या बांधावर सरडे जास्त, गेल्या वर्षी कोणता साग वाळला, ही माहिती त्याच्याकडेच असते, आणि रानपिंगळ्याचं जगणं तिच्यावरच चालतं. बांधावरचं पोकळ म्हातारं झाड ठेवायचं की सरपणाला काढायचं, हा निर्णय मुंबई-पुण्याचा पक्षीनिरीक्षक घेत नाही. म्हणून या माणसाचं नाव, त्याची संमती असेल तर, नोंदीत यायला हवं आणि त्याच्या वेळेचा मोबदला त्याला मिळायला हवा. आज गाइडला पैसे मिळतात ते पक्षी ‘दाखवण्याचे’. पक्षी दिसला नाही तर तोंडं पडतात, पुढच्या वेळी दुसरा गाइड ठरतो. मग तो बिचारा कॉल लावेल, घरट्यापर्यंत नेईल, साध्या पिंगळ्यालाही रानपिंगळा म्हणेल. खोटी नोंद दरवेळी लबाडीतूनच जन्मते असं नाही. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, या दडपणातूनही ती जन्मते. मोबदला सकाळच्या फेरीचा ठरला, पक्ष्याचा नाही, तर हे दडपण उतरेल.

तानसा आणि डांग यांच्या मधे सुरगाणा, पेठ, मोखाडा, जव्हार हा डोंगराळ पट्टा आहे. उत्तरेला नवापूर, अक्कलकुवा. साग, पाडे, नाले, बांधावरची जुनी झाडं, सगळं तिथे आहे. या दोन टोकांना रानपिंगळा असेल तर मधे तो आहे की नाही, याहून विचारण्यासारखा दुसरा प्रश्न आज मला दिसत नाही. त्यासाठी महागडी लेन्स लागत नाही. या हिवाळ्यात तिथे जाणाऱ्याने दिसेल त्या प्रत्येक पिंगळ्याची टाळू पाहावी आणि ठिपके होते, नव्हते की दिसलेच नाहीत, ते लिहावं. झाड कोणतं, वेळ कोणती, पक्षी आपणहून बसला होता की कॉल लावला होता, आणि सोबत कोण होतं, तेही लिहावं. साधा पिंगळा निघाला तरी लिहावं, काहीच दिसलं नाही तरी लिहावं, आणि पाड्यावरून निघण्यापूर्वी सकाळभर बरोबर हिंडलेल्या माणसाला ते वाचून दाखवावं. चूक असेल तर तो तिथेच सांगेल.